धुराड्यातली बाही

नामजिलनं बसवलेल्या चुलीचा धूर कधी घरात आला नाही, असं सारं खोरं म्हणायचं. लोक म्हणत होते तेवढं पुरे होतं, पण नामजिल स्वतःही म्हणायचा, आणि उठता बसता म्हणायचा. त्यामुळे धाकट्या मुलाच्या, ओचिरच्या लग्नात नव्या गेरमधली, म्हणजे लोकरी गोल तंबूतली, चूल दुसऱ्या कुणी बसवायचा प्रश्नच नव्हता.

बसवलीही त्यानं झकास. मधोमध जमीन चोपून वाळू पसरली, चूल टेकवल्यावर वर पाण्याचा वाडगा ठेवून सपाटी पाहिली. चुलीचं तोंड दाराकडे केलं, उडणाऱ्या ठिणग्यांसाठी पुढ्यात पत्रा ठोकला. छपराच्या गोल झरोक्यातून धुराडं बाहेर पडतं तिथे लोकरीच्या नमद्याला आच लागू नये म्हणून पत्र्याची चकती चढवली. एकात एक नळा बसवण्याआधी प्रत्येक नळ्यातून आभाळ बघायचं, हा त्याचा नेम. पण तेवढ्यात नवरीकडची माणसं येऊन बसली, चहाचे वाडगे फिरले, आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या एका बहाद्दरानं धुराडं उलटं कसं लावलं होतं ते सांगायची नामजिलला हुक्की आली. त्याचा व्याही डोंडोव पोट धरधरून हसला. त्या हशातच नामजिलनं शेवटचा नळा चढवून तारेनं आवळला. आभाळ बघायचं राहून गेलं.

त्याच्या बायकोनं, यांजिवनं, स्वतःच्या चुलीतले निखारे आणले. नव्या सुनेनं, उयांगानं, ते नव्या चुलीत ठेवले, वर गोवऱ्या रचल्या, लोण्याचा गोळा वाहिला आणि हात जोडले. या घरातला पहिला चहा याच आगीवर व्हायचा होता. आधी झाकणाच्या फटीतून धूर आला, मग चुलीच्या तोंडातून, मग सगळीकडूनच. माणसं खोकत, तोंडाला बाह्या लावून बाहेर पळाली. नामजिलची थोरली बहीण पागमा, तिच्या जिभेला मुळी हाडच नव्हतं, ती डोळे पुसत म्हणाली, "अग्नीला सून काही पटलेली दिसत नाही."

नेमकं तेव्हाच नामजिलला आठवलं. नळे उन्हाळाभर कोठारात पडून होते. चिमण्यांनी घरटं करू नये म्हणून त्यानंच दोन नळ्यांत चिंध्या कोंबल्या होत्या. काढली होती ती एकच.

बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मघाशी ज्यांना हसवलं ती सगळी माणसं समोर उभी होती. नामजिलनं तोंड उघडलं ते भलत्याच गोष्टीसाठी.

"गोवऱ्या फार दाबून भरल्यास गं, पोरी. जरा हात सैल ठेवावा."

"चुकलं, बाबा," उयांगा म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी धुराचं होतं की आणखी कशाचं, हे बघायचं त्यानं टाळलं.

निखारे बाहेर काढले. चहा जुन्या गेरमध्ये झाला. डोंडोव खाली मान घालून वाडगा धरून बसला, प्यायला नाही. निघताना त्यानं लेकीचं कपाळ हुंगलं आणि घोड्यावर बसला. त्याच्या मागोमाग त्याची माणसं गेली. ओचिर त्यांना ओढ्यापर्यंत पोचवायला गेला.

नामजिल मात्र नव्या गेरभोवती घुटमळत राहिला. रात्री थंडी पडणार, पोरं झरोक्यावर नमदा ओढून चूल पेटवणार, आणि तसला धूर झोपेत कोंडला की माणूस उठत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? चिंधी काढायलाच हवी होती. पण गुपचूप काढू, कुणाला कळायचं नाही, असा विचार तो अजूनही करत होता.

तो नव्या गेरमध्ये शिरला तर चूल धडधडून पेटलेली. धुराचा मागमूस नाही. उयांगा एकटीच होती, कोपरापर्यंत काळी झालेली. तिनं दोन्ही हातांनी चहाचा वाडगा पुढे केला.

"गोवऱ्याच ओल्या होत्या, बाबा. कोरड्या घातल्या, पेटली."

त्यानं एक घोट घेतला आणि पाण्याच्या पिंपामागे त्याची नजर गेली. तिथे धुऊन पसरलेली निळी चिंधी होती. त्याच्या जुन्या डगल्याची बाही, कोपरावर यांजिवच्या नारिंगी दोऱ्याचे टाके. मळकी चिंधी आगीत घालायची नसते, नाहीतर पोरीनं ती जाळूनही टाकली असती. सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडात घ्यायचं नाही, ही रीतच आहे. हिनं तर त्याची चूकही तोंडात घेतली नव्हती.

"ओचिरला सांगितलंस?"

"काय सांगायचं, बाबा?"

नामजिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं वाडगा खाली ठेवला, बाही उचलून डगल्यात छातीशी खोचली आणि बाहेर बांधलेल्या घोड्यावर टांग टाकली.

खिंडीच्या चढावर त्यानं व्याह्यांना गाठलं. घोडा फेकत कोण येतंय हे ओळखून डोंडोव खाली उतरला होता. त्यानं टोपी सरळ केली, डगल्याचं वरचं बटण लावलं, थोरामोठ्यांपुढे उभं राहताना लावतात तसं. त्याच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला होता.

"पोरीला परत न्या म्हणून सांगायला आलात ना?" डोंडोव म्हणाला. "वाईट नाही हो ती. चूल पेटवायला मीच शिकवलंय तिला. काही चुकलं असेल तर ते माझं."

घोड्यावर बसून बोलायची नामजिलची छाती झाली नाही. तो उतरला. छातीशी खोचलेली बाही काढून त्यानं दोन्ही हातांनी पुढे केली. ती अजून ओली होती.

"ही माझी," तो म्हणाला. "धुराड्यात राहिली होती. पोरीचं काही चुकलं नाही."

डोंडोवनं बाही घेतली, काजळीचा डाग अंगठ्यानं चोळून पाहिला.

"कधी कळलं तुम्हाला?"

'आत्ताच' म्हणणं सोपं होतं. तो शब्द नामजिलच्या ओठांवर आलाही होता.

"धूर झाला तेव्हाच," तो म्हणाला. "तिला बोललो, त्याच्या आधी."