डावीकडचा पुतळा

मास्तर शिकवणीत पोरांना गणित शिकवायचे आणि घरी कॉम्प्युटरवर जादूगार व्हायचे. त्या ऑनलाइन खेळात दहा जणांची टोळी होती आणि टोळीतली जागा म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. पोरं पाठीमागे त्यांच्या नकला करत, बायको तोंडावर करायची, टोळीत मात्र दर रविवारी दुपारी कोणीतरी म्हणायचंच, "थांबा, मास्तरांना विचारू."

त्यात धाकटा साडू आला. बायकोनेच गळ घातली. "माझ्या बहिणीचा नवरा आहे, घ्या की खेळायला. तुमचं काय जातंय?" साडू लिफ्ट मेकॅनिक. सासुरवाडीत दहा वर्षं मास्तर खुर्चीवर आणि साडू स्टुलावर बसत आला होता, आणि ही व्यवस्था मास्तरांना अगदी पसंत होती. पण खेळात साडूची बोटं भलतीच चपळ निघाली. टोळीची कॅप्टन दिवसा लोकांचे दात उपटायची आणि बोलायचीही तशीच. तिने जाहीर केलं, "दोन जादूगार नकोत. तीन महिन्यांनी खेळातल्या सगळ्यात मोठ्या राक्षसावर, अजगरावर जाऊ, तेव्हा दोघांनाही नेते. ज्याचा मारा जास्त, तो राहील."



आणि साडू भाबडेपणाने त्यांच्याकडेच शिकायला आला. "साडूभाऊ, हे हिट आणि क्रिट काय प्रकरण आहे? जरा समजावा."

मास्तरांनी समजावलं, आणि बरंचसं खरंच समजावलं. प्रत्येक मंत्रासाठी खेळ दोनदा फासे टाकतो. पहिला फासा हिटचा: मंत्र लागला की हुकला. लागला तरच दुसरा, क्रिटचा: साधा लागला की दुप्पट. पहिल्यातच हुकला तर दुसऱ्याला कोणी विचारतही नाही. झगा, अंगठी, काठी, काहीही घ्या, त्यातून एक तर हिट वाढतं, नाही तर क्रिट. "आणि हिट कितीही वाढवा, शंभरात एक मंत्र हुकायचाच. तेवढा एक टक्का खेळ बनवणाऱ्यांनी स्वतःच्या हातात ठेवलाय."

"मग हिट किती ठेवू?"

"चार टक्के. बाकी सगळं क्रिट. पटत नसेल तर मैदानातल्या डावीकडच्या पुतळ्यावर तपासून बघा."

डाव इथेच होता. मैदानात सरावासाठी गवताचे दोन पुतळे होते. डावीकडचा खेळणाऱ्याच्याच पातळीचा, त्याला चार टक्के हिट पुरायचं. उजवीकडचा तीन पातळ्या वरचा, अजगराच्या तोडीचा, त्याला सतरा लागायचं. म्हणजे चारवाला अजगरासमोर शंभरातले तेरा आणि तो ठरलेला एक, असे चौदा मंत्र हवेत घालवणार. मास्तरांनी हे तोंडी काढलं होतं, कागदसुद्धा लागला नाही.

साडू खूष झाला. "हे बरं सांगितलंत. तपासल्याशिवाय मला झोप येत नाही. आमच्यातही रिकामी लिफ्ट काय, कोणीही पास करेल. आठ माणसांचं लोखंडी वजन भरून वर-खाली करायची, तेव्हा खरं काय ते कळतं." मास्तरांच्या बिल्डिंगची लिफ्टही दर महिन्याला तोच तपासायचा.

तीन महिने तो रोज संध्याकाळी डाव्या पुतळ्यावर शंभर मंत्र टाकत राहिला आणि वहीत टिपत राहिला. हुकला तर एक, फार तर दोन. मास्तर जाता-येता थांबून बघायचे. एकदा सांगून टाकता आलं असतं, एका वाक्याचं काम होतं. पण ते म्हणाले, "वा! असंच चालू ठेवा." इतका हलकटपणा एरवी त्यांना स्वतःलाही झेपला नसता, पण जागेचा प्रश्न होता.

अजगराचा रविवार उजाडला. अजगराने एकेकाला गिळलं. मास्तरही गेले. शेवटी साडू एकटा उभा राहिला आणि अजगरात एका मंत्रापुरता जीव. बाकीचे सगळे हेडफोन लावून श्वास रोखून बसले. साडूने मंत्र टाकला. पडद्यावर अक्षरं आली: हुकला. मग अजगराने त्यालाही गिळलं.

कॅप्टनने लढाईची नोंद उघडली. "दोनशे मंत्र, एकोणतीस हुकले! हिटच नाही अंगावर, तर क्रिट काय चाटायचंय?"

"मॅडम, रोज शंभर टाकून तपासलंय. वही आहे माझ्याकडे."

"कुठल्या पुतळ्यावर?"

"डावीकडच्या."

आधी एक जण हसला, मग सगळेच. "अहो, तो नवशिक्या पोरांसाठी असतो! कोणी सांगितलं तुम्हाला?"

  साडू हळूच म्हणाला, "म्हणजे तीन महिने मी रिकामी लिफ्ट तपासत होतो." त्याने कोणाचंही नाव घेतलं नाही आणि तो टोळीतून कायमचा निघून गेला. मास्तर सगळ्यांबरोबर हसले होते, थोडे जास्तच.

पंधरा दिवसांनी मास्तर, बायको आणि मुलगी पिशव्या घेऊन घरी परतले, तर खाली लिफ्टच्या दारात साडू. हात पुसत होता. मायलेकी आत शिरल्यासुद्धा.

"या की साडूभाऊ. आत्ताच तपासली."

मास्तरांचा पाय उंबऱ्याशी अडला. "वजन... वजन भरून ना?"

साडूने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "तुम्ही शिकवलंत तशी."

"अहो, येताय ना?" बायको आतून ओरडली. सातवा मजला. त्यांना बाहेर ओढायला एक शब्द पुरला असता. पण मग का ते सांगावं लागलं असतं. "तुम्ही व्हा पुढे," मास्तर म्हणाले. "मी जिन्याने येतो."

दार मिटलं. मास्तर जिन्यावरून धावत सुटले. साडू असं करणार नाही, हे त्यांना नव्याण्णव टक्के माहीत होतं. उरलेला एक टक्का भिंतीपलीकडून घरघरत वर चालला होता. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली साडूची गाडी दिसली. साडू लोखंडी वजनं एकेक करून गाडीत चढवत होता, आठही माणसांची. मास्तर तिथेच पायरीवर बसले.

वरून मुलीचा आवाज आला, "बाबा, आम्ही पोचलो! तुम्ही का नाही आलात?"

 खाली साडूने शेवटचं वजन चढवलं, गाडीचं दार लावलं आणि वर न बघता निघून गेला.