सिद्धप्पांची बोलकी गाडी

शेवटचा धड दिवस रविवार होता, आणि तो सगळा गाडीवरून वाद घालण्यात गेला. भुवनेश्वरी दोन दिवसांसाठी पुण्याहून आईवडिलांकडे, अव्वा-आप्पांकडे आली होती. आप्पांची पांढरी गाडी पंचवीस वर्षांची, आतला स्टिरिओही तितकाच जुना. कॅसेटचं तोंड केव्हाच मिटलेलं, रेडिओ तेवढा ठणठणीत. फोनला जोडता येईल असा नवा स्टिरिओ बसवू, असं तिनं सुचवलं. आप्पांनी ते उडवून लावलं.

“कंपनीनं दिलेलं काढायचं न्हाय. उद्या गुडघे दुखत्यात म्हणून माजे पायबी बदलशील.”

मग ती नवी पेठेत जाऊन अंगठ्याएवढं एक यंत्र घेऊन आली. सिगारेट पेटवायच्या खाचेत ते खोचायचं, रेडिओचा काटा ठरावीक जागी आणायचा, की फोनमधलं गाणं जुन्या स्टिरिओतून वाजू लागतं. आप्पांची आवडती, लिंगायत संतांची गाण्यात बसवलेली वचनं अव्वाच्या फोनमध्ये होती, म्हणून अव्वाचाच फोन जोडला. तिघं मंद्रूपच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आली. संध्याकाळच्या गाडीनं भुवनेश्वरी पुण्याला परतली.

सोमवारी सकाळी चहा निवला तरी आप्पा उठले नाहीत.

त्यानंतर महिन्याभरानं शेजारच्या महेश्वरकाकांचा फोन आला. काका निवृत्त एसटी ड्रायव्हर, अघळपघळ बोलणारा माणूस. पण त्या दिवशी आवाज दबका होता. तुझे आप्पा, सिद्धप्पा, गाडीत बोलायला लागलेत, एवढंच त्यांनी सांगितलं आणि फोन ठेवला.

भुवनेश्वरी रिक्षातून उतरली तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोपऱ्यावर भेळेची गाडी लागलेली. आप्पांच्या गाडीच्या नाकावर हळदीकुंकू, वायपरला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. लोक गाडीपासून चार हात लांब चपला काढत होते. फाटकाशी खुर्चीवर टेंभुर्णीचे मृत्युंजय महाराज बसले होते. भस्म इतकं दाट की कपाळ नुकतंच चुना दिलेल्या भिंतीसारखं दिसावं. त्यांनी गेलेल्या माणसाचं नाव विचारण्याआधी गाडीचे कागद चालू आहेत का ते विचारलं होतं, आणि नंतर लिटरला किती देते तेही.

दिवेलागण झाली. उभ्या गाडीची बॅटरी उतरते म्हणून महेश्वरकाका रोज या वेळी दहा मिनिटं गाडी चालू ठेवत. त्यांनी किल्ली फिरवली. महाराजांनी डोळे मिटून बॉनेटवर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटले. थोडा वेळ गेला, आणि स्टिरिओतून आप्पा बोलले.

“अगं, ऐकतीस का. मंद्रूपच्या बाजारात हाय. वांगी घेऊ का? काटेरी हायत, पण ताजी हायत.”

लोकांनी हात जोडले. भुवनेश्वरीनं फाटकाचा गज धरला. महिनाभरात तिनं तो आवाज ऐकला नव्हता.

“वांगी म्हणजे वासना,” महाराज म्हणाले. “काटे म्हणजे कर्म. ताजी आहेत, म्हणजे अजून सुटलेली नाहीत.”

पाठोपाठ आप्पांनी गॅसवाला आला तर थांबवून ठेवायला सांगितलं. आपण दहा मिनिटांत पोचतो म्हणाले. महाराजांनी त्याचाही उलगडा केला. गॅस म्हणजे प्राण. दहा मिनिटं वरची, इथली दहा वर्षं. आणि पोचायचं कुठं, तर महाराजांच्या मठात. आत्मा या वाहनात अडकला आहे. सोमवारी वाहन मठाला अर्पण झालं की मोकळा होईल. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

यंत्राची करामत भुवनेश्वरीला कळत होती. ते तिनंच तर बसवलं होतं. कळत नव्हतं ते एवढंच की आवाज सोडतंय कोण. तिचा पहिला संशय महाराजांवर गेला, पण त्यांचे दोन्ही हात बॉनेटवर होते. अव्वाला विचारलं, तर फोनला मी हातच लावत नाही, असं तुटक उत्तर आलं. गाडी द्यायला मात्र अव्वा तयार होती. मालकीबदलाच्या कागदावर सही तेवढी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला भुवनेश्वरी बाहेर गेलीच नाही. ती देवघराच्या दाराशी उभी राहिली. अव्वा दिवा लावून भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले, फोन कानाशी. खिडकीपलीकडे दहा पावलांवर गाडी आप्पांच्या आवाजात दळणाचं विचारत होती. फोन मुका होता.

लेक समोर दिसताच अव्वानं फोन पदराखाली घेतला. मग चोरी पकडल्यासारखं तिनं सांगून टाकलं. आप्पांना टाइप करायचा कंटाळा; बाजारातून, बँकेतून, गिरणीवरून ते बोलूनच निरोप पाठवायचे. ते सगळे तिनं जपून ठेवले होते.

“दिवा लावला की येकदा ऐकते. येवढंच. म्हातारीनं भाजीबाजार ऐकत बसावं, लोक काय म्हणतील. पण महेश्वरनं गाडी चालू केली की माज्या कानातला आवाज जातोय, आन् भायेर गाडीत सुरू व्हतोय. म्हंजे ते माज्याकडनं उठून तितं गेलं की न्हाय? मग त्यास्नी मी कशाला अडकवून ठेवू?”

महाराजांच्या चमत्कारापेक्षा अव्वाचा तर्क कितीतरी सरळ होता. भुवनेश्वरी तिच्याशेजारी बसली आणि समजावू लागली. त्या रविवारी हा फोन यंत्राला जोडला, ती ओळख दोघांनी लक्षात ठेवली आहे. गाडी चालू झाली की खाचेत वीज येते, यंत्र जागं होतं, जवळपास ओळखीचा फोन शोधतं आणि त्याचा आवाज स्वतःकडे ओढून घेतं. मग तोच आवाज एखाद्या चिमुकल्या रेडिओ केंद्रासारखा हवेत सोडतं, आणि जुना स्टिरिओ तो पकडतो. वचनं वाजली तशीच वांगी वाजली.

अव्वानं फोन उलटसुलट करून पाहिला. “म्हंजे आवाज माज्याजवळच हाय?”

“तुझ्याजवळच आहे.”

“मग सोमवारी मला भायेर उभं कर,” अव्वा म्हणाली.

सोमवारी गर्दी दुप्पट झाली. महाराजांनी गाडी न्यायला ड्रायव्हरही सोबत आणला होता. काकांनी किल्ली फिरवली. महाराज पुटपुटले. गाडी गप्प. ते मोठ्यानं पुटपुटले. गाडी गप्पच. त्यांनी बॉनेटवर दोन नारळ फोडले. पत्र्याला पोचा आला, आवाज आला नाही. आज कुणाचा तरी विटाळ झाला आहे, असं त्यांनी जाहीर केलं.

“विटाळ न्हाय, महाराज,” अव्वा म्हणाली. ती पहिल्यांदाच गर्दीसमोर उभी होती. “रोज ह्या वेळेला मी आत बसून फोन ऐकते. आज हितं उभी हाय, म्हणून गाडी मुकी हाय. आन् ती वांगी त्येंनी मला इचारली हुती. मी आणा म्हटलं. भरलेली केली. वासना-बिसना काय न्हाय त्यात.”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग हसू गल्लीभर पसरलं. भुवनेश्वरीनं स्वतःचा फोन यंत्राला जोडून एक जुनं गाणं लावलं. स्टिरिओ गाऊ लागला. खाचेतून यंत्र उपटलं. उरली नुसती खरखर. परत खोचलं, गाणं परत. तिनं यंत्र आणि फोन पुढच्या रांगेच्या हातात देऊन फिरवायला लावले.

“यात मंत्र नाही आणि आत्माही नाही,” ती म्हणाली. “आवाज येतो तेव्हा काय चालू असतं, थांबतो तेव्हा काय बंद असतं, एवढं कुणीही पहिल्याच दिवशी तपासू शकलं असतं. माणूस गेलेल्या घरात आपण सगळे हळवे असतो. म्हणूनच आधी तपासायचं, मग हात जोडायचे.”

पण महाराज मुरलेले होते. गाणं कुणीही वाजवील, ते म्हणाले. सिद्धप्पांचा आवाज मात्र आपल्या मंत्राशिवाय या मुलीकडून येणार नाही. आला तर आपण गाडी सोडून निघून जाऊ. लोकांची तोंडं पुन्हा भुवनेश्वरीकडे वळली. महेश्वरकाकाही चुळबुळले. “पोरी, येकदा बोलू दे की त्यास्नी. म्हंजे संशय नको.”

तिच्याकडे आप्पांचा एकच निरोप होता. बाकीचे ती ऐकून पुसून टाकत असे. हा त्या रविवारी रात्री आला होता. सकाळी ऐकू म्हणून तिनं ठेवला, आणि सकाळी दुसराच फोन आला. महिनाभर या निरोपावर बोट ठेवण्याचं धाडस तिला झालं नव्हतं. तो एकटीनं ऐकायचा, असं तिनं ठरवलं होतं. गाडी राखायची तर तो आत्ता, दीडशे माणसांत ऐकायला लागणार होता.

तिनं फिरून आलेलं यंत्र खाचेत खोचलं, फोन हातात घेतला आणि बोट ठेवलं.

“भुवना, आप्पा बोलतोय. मी आजून गाडीतच बसलोय. अव्वाचा फोन घेतलाय म्हणून ती आतनं वरडतीय. गाणी काय संपंनात. तू नीट पोचलीस का? पोचलीस की सांग. कितीबी वाजूदे, मी जागा हाय.”

महाराजांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “पोचणं म्हणजे मोक्ष…” पुढच्या रांगेतल्या त्याच बाई त्यांना म्हणाल्या, “आता गप बसा की वो.” महाराजांनी चपला शोधल्या आणि ड्रायव्हरला घेऊन ते टेंभुर्णीच्या वाटेला लागले.

काकांनी किल्ली बंद करायला हात नेला. भुवनेश्वरीनं मानेनंच नको म्हटलं. कंपनीच्या त्या स्टिरिओला तोंड आहे, कान नाहीत, हे आत्ताच तिनं सगळ्यांना दाखवून दिलं होतं. तरी ती खिडकीशी वाकली.

“पोचले होते, आप्पा,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “साडेनऊलाच पोचले होते. तुम्हाला सांगितलं नाही.”