कायमची दुरावलेली

दुपारची गर्दी ओसरली होती. टॅमसिन कॅफेतली टेबलं पुसत होती, तेवढ्यात तिची आई लोरेन दारातून आत आली. अडीच वर्षांनी. कोट जुनाच होता, केस मात्र आखूड कापलेले. टॅमसिनला पहिल्यांदा आठवलं ते लोन. आईला बघून पोरीच्या मनात आधी लोन यावं, इतकी कमाल त्या नियमाने करून ठेवली होती.

नियम असा. शेफील्डला राहून युनिव्हर्सिटीत शिकायचं तर खर्चासाठी ब्रिटिश सरकार लोन देतं, ते घरचं उत्पन्न बघून. घरचं म्हणजे आईचं, आणि आई ज्याच्याबरोबर राहते त्याचंही. लोरेन ग्रिम्स्बीतल्या एका शाळेत मुलांना जेवण वाढायची. तिच्या एकटीच्या पगारावर लोन पूर्ण मिळालं असतं. पण तिच्या कीथचा स्वयंपाकघरं बसवून द्यायचा धंदा जोरात होता, त्यामुळे कागदावर टॅमसिन खात्यापित्या घरची ठरत होती. त्याच घरातून कीथने तिला सतराव्या वर्षी बाहेर काढलं होतं आणि शिक्षणाला एक पेनी देणार नाही असं तोंडावर सांगितलं होतं. लोरेन तेव्हा जिन्यात उभी होती. तिने ब्र काढला नाही.

टॅमसिनच्या शाळेतल्या ओक्सबाईंनी वाट दाखवली. घरच्यांशी संबंध कायमचा तुटलाय हे दाखवून दिलं, की त्यांची कमाई धरत नाहीत. बाईंनी तसं लिहून दिलं, टॅमसिनवर 'दुरावलेली'चा शिक्का बसला आणि लोन पूर्ण मिळालं. दरवर्षी विचारणा व्हायची, परिस्थितीत काही बदल? ती 'नाही' म्हणून कळवायची. आईचे वाढदिवसाचे मेसेज तिने उत्तर न देता पुसून टाकले. सुरुवातीला पुसताना रडू यायचं. मग ते कधीतरी थांबलं, आणि थांबलंय हेही तिला बरेच दिवस कळलं नाही. तिच्या शेजारच्या खोलीतल्या ऑर्लाचा बाप मोठा सर्जन. पण आईबाप वेगळे झालेले आणि ऑर्ला आईच्या घरची, म्हणून बापाची कमाई न धरता तिला पूर्ण लोन, वर बापाने घेऊन दिलेली गाडी. याला न्याय म्हणतात म्हणे. टॅमसिनला पूर्वी याचा संताप यायचा.

लोरेन कोपऱ्यात बसली. टॅमसिनने चहा आणून ठेवला आणि सुट्टीची दहा-पंधरा मिनिटं होती म्हणून समोर बसली. आईने शेजारणीच्या कुत्र्याचं सांगितलं, शाळेतल्या नव्या आचाऱ्याला शिव्या घातल्या. मग नाताळला घरी ये म्हणाली.

"नाही जमणार, मम," टॅमसिन म्हणाली. "आपलं येणं-जाणं पुन्हा सुरू झालं की कीथची कमाई धरणार. निम्मं लोन जाईल. माझं भाडंसुद्धा निघायचं नाही, आणि अजून दीड वर्ष काढायचंय."

हे खरंच होतं, आणि बोलायला सोपं होतं. सगळं नियमाच्या माथी मारता येत होतं, कुणाचं मन मोडत नव्हतं. आता आई सरकारला चार शब्द सुनावेल आणि बस पकडेल, असं तिला वाटलं.

लोरेन कपात चमचा फिरवत राहिली.

"आणि मी त्याला सोडलं तर?"

टॅमसिनने हातातल्या फडक्याची घडी घातली.

"शाळेजवळ एक खोली बघून ठेवलीये. माझ्या एकटीच्या पगारावर तुला पूर्ण मिळतं, मी विचारून आलेय. मग तर अडचण नाही ना काही?"

घराबाहेर पडल्यावर टॅमसिन मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपायची. तेव्हा ती याच वाक्याची वाट बघायची. फोन उशाशी घेऊन, आवाज मोठा करून. आज ते वाक्य आलं होतं. तिने प्रामाणिकपणे थांबून बघितलं, आत काही हलतंय का. राग तरी. काहीच हललं नाही. दोन वर्षं ती लोनसाठी जे कळवत आली होती, ते मध्येच केव्हातरी खरं होऊन बसलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "तसं केलंस तर लोन आत्ताइतकंच, पूर्ण मिळेल."

"मी लोनचं नाही विचारत गं, पोरी."

"माहितीये मला."

लोरेनचे डोळे भरून आले. टॅमसिनने कागदी रुमालांचा डबा तिच्याकडे सरकवला, कुठल्याही गिऱ्हाइकाकडे सरकवला असता तसा.