किसनरावांचं पुण्यातलं कातडं

माझ्या बापाचं कातडं पुण्यात नोकरीला लागलं, ही बातमी आमच्या गावी, उंद्रीत, माझ्या नोकरीच्या बातमीपेक्षा जास्त गाजली. गेल्या वर्षी पुण्यात बाबांच्या पाठीवरची चरबीची गाठ काढली. दंडावरची दुसरी, छोटी म्हणून तशीच ठेवली. गाठीसोबत कापलेली कातडी एरवी कचऱ्यात जाते. मी ती आमच्या प्रयोगशाळेसाठी मागितली आणि बाबांनी ऐटीत सही ठोकली. गावात येऊन माझ्या बेकार भावाकडे, भागवतकडे, बघत म्हणाले, पोरगं घरी बसलंय, पण कातडं तरी नोकरीला चिकटलं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. अशा कातडीतल्या पेशींपासून छोट्या वाट्यांमध्ये नवी कातडी वाढवायची, तिला नागिणीचा विषाणू लावायचा आणि नव्या मलमानं तो आटोक्यात येतो का ते पाहायचं. वाट्यांच्या ओळी दोन. एकीला मलम, दुसरीला तसंच दिसणारं पण बिनऔषधाचं. दोन्हींत फरक दिसला तरच मलम खरं.

दिवाळीला मी घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी बाबांच्या कपाळावर नागीण उठली. उजव्या भुवईपासून पापणीपर्यंत फोड. चिखलीचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, गोळ्या आजच सुरू करा, उशीर केला तर डोळा जाऊ शकतो. मी गोळ्या घेऊन औषधाच्या दुकानातून घरी पोचते, तर ओसरीवर जनकाबाई गेरू कालवत बसलेली. नागीण उतरवण्यात तिचा हात पंचक्रोशीत कुणी धरत नाही. केस, नखं, कातडं कुणाच्या हाती गेलं का, असं ती प्रत्येक आजाऱ्याला विचारते. करणी करणाऱ्याला तेवढं पुरतं, असं तिचं शास्त्र.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, तिकडं माझ्या कातड्याचं तू नेमकं काय करतेस? मी पडले शास्त्रज्ञ, खरं सांगून मोकळी झाले. नागीण लावतो, मी म्हणाले. याच आठवड्यात लावली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग मी तासभर डोकं फोडलं. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या ना, तोच विषाणू अंगात दबा धरून बसतो, पुण्याहून येत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिकडची उतरव पहिले," ते म्हणाले. "मंग मी गोळी घेतो."

पापणी सुजत चालली होती. मला इतका राग आला की गोळ्यांची पट्टी त्यांच्या अंगावर फेकावीशी वाटली. आईनं मला ओढत स्वयंपाकघरात नेलं.

"तुले जिंकाचं हाये, का त्यायचा डोळा वाचवाचा हाये?"

मी निमूटपणे नाजिशला व्हिडिओ कॉल लावला. नाजिश प्रयोगशाळेतली माझी जोडीदार, मूळची खामगावची, त्यामुळे तिला करणी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. तिनं बाबांना सलाम केला, हातमोजे चढवले आणि वाट्या दाखवल्या. या ओळीला मलम लावलंय काका, म्हणाली. बाबांचा चेहरा सैल झाला. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. ती शेजारची ओळ कुणाची?

दुसऱ्या कुणाची म्हणून थाप मारता आली असती. पण माझ्याआधी नाजिशच बोलून गेली, तीही तुमचीच.

"अर्ध्या बापाले औषध देतं," बाबा मला म्हणाले, "अन् अर्ध्याले ठेंगा?"

त्या ओळीत माझं वर्षभराचं काम होतं. ते बाबांना सांगण्यात अर्थ नव्हता आणि स्वतःला आठवण्यातही नव्हता. मी म्हणाले, नाजिश, तिलाही लाव. तिनं दोनदा विचारलं, नक्की का. मी लाव म्हणाले आणि मला रडू फुटलं. शेवटच्या वाटीला मलम लागलं तेव्हा बाबांनी गोळी तोंडात टाकली आणि वर गटागटा पाणी प्यायले.

डोळा वाचला. जनकाबाई म्हणते गेरूनं, आई म्हणते तिनं धरलेल्या मंगळवारांनी, भागवत म्हणतो त्यानं चिखलीपर्यंत गाडी पळवली म्हणून. कुणाला खोटं ठरवायची सोय मी ठेवलीच नव्हती. पुण्याहून आमच्या सरांनी फोनवर माझी बिनपाण्यानं केली. प्रयोग मोडीत, आता नवी कातडी शोधा म्हणाले.

मी निघाले तेव्हा बाबा फाट्यावर सोडायला आले. एसटीची वाट पाहत उभे होते. मग म्हणाले, "दोन्हीले लावलं, तर मलम खरं का खोटं, हे तुले कसं समजन?"

"नाही समजणार."

"म्हणजे माह्यापायी गेलं."

मी नाही म्हणाले नाही. राग होताच अजून. पण ते दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत होते, आणि त्यापुढे मला सगळं काम फुकट गेलेलं चाललं असतं.

एसटी आली. बाबांनी माझी बॅग वर चढवली, सदऱ्याची बाही सारली आणि दंडावरची गाठ पुढे केली.

"हे काढून ने. अर्ध्याले नको लावू मलम, चालते," ते म्हणाले. "फक्त कोणत्या अर्ध्याले, ते मले सांगू नको."