न फुटणारी चकती

गाडी जास्त जोरात पळायला नायट्रस गॅसची बाटली बसवून द्या, असं म्हणत कुणी गॅरेजच्या दारात उभं राहिलं की मिस्त्री आधी त्याला मागच्या भिंतीकडे न्यायचे. भिंतीवर खिळ्यांना पिस्टन टांगलेले होते. एकाला मधोमध भोक, दुसऱ्याची कड वितळून ओघळलेली, तिसऱ्याचे तुकडे तारेने एकत्र बांधलेले. प्रत्येकाखाली खडूने मालकाचं टोपणनाव लिहिलं होतं: शहाणा, दीडशहाणा, सोनेरी चष्मा, मंत्र्याचा मेहुणा. सगळं नीट दाखवून झालं की मिस्त्री गिऱ्हाइकाला शांतपणे विचारायचे, तुमच्यासाठी कुठला खिळा राखून ठेवू?

निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत जायची आणि मिस्त्रींना त्याचं काडीचं दुःख नव्हतं. उरलेल्यांना ते समजावून सांगायचे, म्हणजे शिव्या घालायचे. अरे, हा गॅस स्वतः जळत नाही, इंजिनाच्या आगीला जास्तीची हवा पुरवतो. हवा वाढवलीस आणि पेट्रोल नाही वाढवलंस, तर आग काय खाणार? पिस्टन खाणार. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबल्याशिवाय गॅस सोडायचा नाही. इंजिन नीट फिरायला लागल्याशिवाय सोडायचा नाही. बाटली वजन करून भरायची, अंदाजपंचे नाही. आणि थंडीत प्रेशर चढत नाही म्हणून कुणी बाटलीला गॅसच्या ज्योतीची आच दाखवताना दिसला, तर त्याला ते गॅरेजच्या बाहेर हाकलायचे. एकदा तर त्यांनी अशाच एकाच्या मागे पाना भिरकावला होता. लागला नाही, पण तो नेम चुकला म्हणून, दया आली म्हणून नव्हे.

मिस्त्रींच्या हाताला तोड नव्हती आणि जिभेला हाड नव्हतं. बायको म्हणायची, तुमच्या गॅरेजात माणसं गाडीसाठी येतात आणि अपमान फुकट घेऊन जातात. मिस्त्री म्हणायचे, फुकट देतो म्हणूनच कुणाला त्याची किंमत नाही.

त्यांची एकुलती एक लेक मात्र त्यांच्याच मुशीतली. स्पर्धेची गाडी ती स्वतः चालवायची. शहराबाहेर एक जुनी, विमानांनी सोडून दिलेली धावपट्टी होती, तिथे महिन्यातून एका रविवारी सरळ रेषेत शर्यती व्हायच्या. लेक गाडीत बसली की मिस्त्री कठड्याशी उभे राहून इतर सगळ्यांच्या गाड्यांना नावं ठेवायचे. लेकीच्या गाडीला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. ती त्यांच्या हातची होती.

आणि अशा लेकीने लग्न कुणाशी करावं? तर कवळ्या बनवणाऱ्याशी! जावई दाताच्या दवाखान्यामागच्या छोट्याशा खोलीत बसून दिवसभर खोटे दात घासायचा. माणूस सभ्य, आवाज हळू, नखं स्वच्छ. मिस्त्रींना त्या नखांचाच जास्त राग. शनिवारी तो गॅरेजात यायचा, एका स्टुलावर बसायचा आणि प्रश्न विचारायचा. हे काय, ते कशाला, इथे दोन नळ्या का. मिस्त्री त्याला अहोजाहो करायचे, पण असं की त्यापेक्षा अरेतुरे परवडलं. 'या जावईबापू, आज कुणाची बत्तिशी सोडून आलात?' गॅरेजातली माणसं हसायची. जावईही हसायचा, आणि मिस्त्रींना वाटायचं, ह्याला अपमानसुद्धा धड कळत नाही.

मागच्या महिन्याच्या शर्यतीत घात झाला. गाडी उन्हात रांगेत उभी असताना बाटलीची चकती फुटली. बाटलीच्या तोंडाशी, झडपेच्या बाजूला, एक पातळ चकती असते. बाटली फार तापली, आतलं प्रेशर हाताबाहेर गेलं, की बाटलीच्या आधी ती फुटते आणि गॅस निघून जातो. मिस्त्रींनी तिथून एक नळी थेट गाडीच्या बाहेर काढली होती, त्यामुळे गॅस आत कोंडला नाही, सगळा खालून बाहेर गेला. लेकीला काही झालं नाही. पण शर्यत गेली. आणि सोनेरी चष्मावाला, ज्याचा पिस्टन भिंतीवर टांगलेला होता, तो कठड्यापलीकडून म्हणाला की मिस्त्री, आता तुमच्या नावाचा खिळा ठोका.

हे मिस्त्रींच्या जिव्हारी लागलं. चाळीस वर्षांत त्यांनी केलेली वस्तू कधी मोडली नव्हती. त्यांनी वेल्ड केलेला सांधा उकलायचा नाही, त्यांनी पिळलेला नट आपण होऊन सुटायचा नाही. आणि एका बाजारातल्या पत्र्याच्या टिकलीने त्यांचं नाक कापावं? पुढची शर्यत आठवड्यावर आली तेव्हा सोमवारी सकाळी ते लेथवर उभे राहिले आणि पितळेची एक चकती कातून काढली. चांगली नाण्याएवढी जाड, कडा गुळगुळीत, आरशासारखी चकचकीत. ती बसवून त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, आता फुटून दाखव.

शनिवारी जावई आला. त्याने ती चकती पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि आपल्या हळू आवाजात विचारलं, 'बाबा, ती फुटायलाच ठेवलेली असते ना?'

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. आजूबाजूचे लोक ऐकताहेत ना, ते पाहिलं. 'जावईबापू,' ते म्हणाले, 'तुमच्याकडे दात पडायलाच बसवतात का?'

गॅरेज हसलं. कोपऱ्यात टायर बदलणारी लेक तेवढी हसली नाही. जावयाने अजून एकच विचारलं, की मागच्या वेळी ती फुटली तरी कशामुळे. मिस्त्री म्हणाले, बाजारातला माल, दुसरं काय? उन्हाने फटकन फुटणारा. मग ते वळले आणि पुढच्या गाडीखाली शिरले. जावई स्टुलावरून उठला. त्या दिवशी त्याने पुन्हा प्रश्न विचारला नाही, आणि मिस्त्रींना वाटलं, चला, एकदाची अक्कल आली.

रविवार उजाडला तो गार वाऱ्याचा. गार हवेत बाटलीतलं प्रेशर पडतं, म्हणून बाटलीभोवती विजेचा हीटर गुंडाळलेला असतो. प्रेशर ठरल्या आकड्यावर आलं की तो आपला आपण बंद होतो. मिस्त्रींनी दर शर्यतीप्रमाणे हीटर चालू केला, लेकीचे पट्टे स्वतः ओढून पाहिले, आणि तिच्या हेल्मेटवर टपली मारून कठड्याशी गेले. प्रेशरचा काटा बाटलीवरच होता, सीटच्या मागे. तो पुढे आणून बसवू या का, असंही जावई कधीतरी म्हणाला होता. मिस्त्री म्हणाले होते, ड्रायव्हरने रस्ता बघावा, घड्याळं नाही.

गाडी रांगेत तिसरी होती. पहिल्या गाडीने पट्टीवर तेल सांडलं, ते पुसायला माणसं धावली आणि सगळं खोळंबलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मिस्त्रींना ही पर्वणीच. तेल सांडणाऱ्याच्या सात पिढ्यांच्या गाड्या त्यांनी काढल्या. सोनेरी चष्मावाल्याला विचारलं की आज किती पिस्टन घेऊन आलाय, एक की डझन. ते रंगात आले होते, आणि तेवढ्यात बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला.

लेकीच्या गाडीखालून पांढरा लोट फुत्कारत बाहेर पडला. आजूबाजूची माणसं मागे सरली. लेकीने पट्टे सोडले, दार उघडून ती बाहेर आली आणि चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. धडधाकट होती. जावई आधीच गाडीपाशी पोचला होता.

मिस्त्री पोचले तेव्हा लोट विरत आला होता. सोनेरी चष्मावाला मागून हसत होता. मिस्त्रींनी वाकून बाटलीच्या तोंडाशी पाहिलं. तिथे त्यांची पितळी चकती नव्हतीच. बाजारातली, पातळ, पत्र्याची होती. मधोमध फाटलेली.

त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरलं. ही कुणी बदलली, म्हणून ते ओरडले. मग सगळ्या धावपट्टीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, 'माझी असती तर फुटली नसती!'

जावई बाटलीवर वाकून हीटरची तार उपटत होता. तो सरळ उभा राहिला. 'हो बाबा,' तो म्हणाला. 'तुमची फुटली नसती.'

टोमणा नव्हता त्यात. असता तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं, टोमण्याला उत्तर कसं द्यायचं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हात पुढे करून हीटरला लावला आणि चटका बसून मागे घेतला. गॅस निघून गेला तरी बाटलीचा रंग फोड येऊन सुटत होता. हीटर बंद झालाच नव्हता. त्याला बंद करणारा स्विच त्यांनी उघडून पाहिला, आत दोन पट्ट्या वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. बहुधा मागच्या महिन्यातही अडकल्या होत्या. ऊन नव्हे, बाजारातला माल नव्हे. ती पत्र्याची चकती तेव्हाही हेच सांगत होती आणि त्यांनी तिचं तोंड पितळेने बुजवलं होतं.

बाटली आणि सीट ह्यांच्यात किती अंतर आहे ते मिस्त्रींना पाठ होतं, त्यांनीच बसवली होती. तरी त्यांनी वाकून हाताने मोजलं. एक वीत. पलीकडे लेकीची पाठ टेकायची जागा.

'मी बदलली, बाबा,' लेक म्हणाली. 'काल तुम्ही जेवायला गेलात तेव्हा. ह्यांनी आणली, पाना मी फिरवला.'

'मला सांगायचं नाही?'

'सांगितलं असतं तर तुम्ही परत तुमचीच बसवली असती. चारचौघांत आम्हाला हसून.'

खोटं कशाला बोला, लेकीने सांगितलं तसंच झालं असतं. अगदी तसंच, शब्दाला शब्द. जावयाने खिशातून कवळी ठेवायची छोटी डबी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. आत त्यांची पितळी चकती होती, फडक्यात गुंडाळलेली.

घरी बायकोने दार उघडून विचारलं की आज कुणाचा उद्धार केलात. मिस्त्री म्हणाले, माझा. तिला ते पटलं नाही.

पुढच्या आठवड्यात एक नवं गिऱ्हाईक आलं. केसांना तेल, हातात जाड कडं, आल्या आल्या म्हणालं की नायट्रस हवं, सगळ्यात जोराचं. मिस्त्रींनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि भिंतीकडे नेलं. प्रेशरचा काटा स्टिअरिंगसमोर कुठे बसवायचा ते लेक आणि जावई गाडीत बसून मापून बघत होते. गिऱ्हाईक एकेक पिस्टन बघत शेवटच्या खिळ्यापाशी थांबलं. तिथे पितळेची चकती होती, गुळगुळीत, चकचकीत, एक ओरखडा नाही. खाली खडूने लिहिलं होतं: सासरा.

'हे सगळं फुटलेलं,' गिऱ्हाईक म्हणालं, 'आणि ही तर धडधाकट आहे. ही कशाला टांगली?'

'फुटली नसती म्हणून,' मिस्त्री म्हणाले.