एमिलचा मुलगा

डोरीन आमची शेजारीण. कॉव्हेंट्रीत आम्ही घर घेतलं तेव्हापासून दोन घरांमध्ये एकच कुंपण आहे. त्यावरून तिच्याकडचे टोमॅटो इकडे येतात आणि माझं लिंबाचं लोणचं तिकडे जातं. ऐंशी ओलांडली तरी बाई ताठ. पण मागच्या वर्षी तिला हार्टचं काहीतरी निघालं, आणि एकदा चहा पिता पिता ती म्हणाली, "शैला, मरण्याआधी मला एवढंच कळायला हवंय. माझ्या बापानं माझ्या आईला फसवलं का?"

मी कप खाली ठेवला. घरात मला सगळे भोचक म्हणतात. मी त्याला जिज्ञासा म्हणते. असा प्रश्न समोर आल्यावर मी गप्प बसणार थोडीच!

गोष्ट अशी. डोरीनचा बाप बेल्जियन फायटर पायलट. जर्मनांनी देश घेतला तेव्हा तो निसटून इंग्लंडला आला आणि आरएएफमध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलात, स्पिटफायर विमानं उडवू लागला. नाव मार्सेल दुपोन. डोरीनची आई इथल्या विमानांच्या कारखान्यात कामाला. तो जवळच ट्रेनिंगला होता, तेव्हा ओळख झाली. पुढे त्याची बदली इसेक्सला झाली, पण सुट्टी मिळाली की तो यायचा. डोरीनची चाहूल लागली आणि लग्न ठरलं. शनिवारी रजिस्ट्रारच्या ऑफिसात भेटायचं. आई ऑफिस बंद होईपर्यंत पायरीवर बसून राहिली. तो आला नाही. सोमवारी तिनं त्याच्या तळावर फोन केला, मार्सेल दुपोन आहे का? पलीकडचा माणूस म्हणाला, आहे की, जेवतोय, बोलावू? तिनं फोन ठेवून दिला. पुन्हा जन्मात त्याचं नाव काढलं नाही. एकदाच म्हणाली होती, मुलगा झाला असता तर एमिल नाव ठेवणार होतो, त्याच्या वडिलांचं.

मी हे आमच्या ह्यांना सांगितलं. शशिकांत हाडांचे डॉक्टर. रिटायर झाल्यापासून हातात आयपॅड आणि हाताशी वेळच वेळ. बेल्जियन पायलटांच्या सगळ्या वेबसाइट्स त्यांनी पालथ्या घातल्या.

"शैला, सापडला!" जिन्यावरूनच ओरडले. "अगं, मार्सेल दुपोन दोन होते, सेम स्क्वाड्रनमध्ये! एक मार्सेल जोसेफ. तो इंग्लिश खाडीत पडला, बॉडीसुद्धा मिळाली नाही. दुसरा मार्सेल एमिल."

"मग?"

"मग काय! बापाचं नाव एमिल ना? क्लिअर केस आहे. वॉर संपल्यावर घरी गेला, लग्न केलं, तीन मुलं. मजेत जगला."

मलाही पटलं. स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. शाळेच्या हजेरीपासून पासपोर्टपर्यंत आपला हाच क्रम, त्यात शंका कसली घ्यायची? शिवाय "जेवतोय" तेही चपखल बसत होतं.

फ्रॅक्चर समजावून सांगावं तसं शशिकांतनी डोरीनला सगळं समजावलं. ती "असं होय" म्हणाली आणि चहा अर्धा टाकून घरी गेली. त्यानंतर कुंपणापाशी दिसेना. बेल वाजवली तर आतूनच म्हणे, पडलेय जरा. मला फार वाईट वाटलं आणि शशिकांतचा रागही आला. खरं शोधून काढलं म्हणून कुणाचा राग येऊ नये, पण आला.

मग एक दिवस माझ्या गुडघ्यासाठी जीपीकडे, म्हणजे आमच्या इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले. रिसेप्शनवरची नवीन मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "शैला शशिकांत… किती गोड मिडल नेम! अर्थ काय त्याचा?"

"अर्थ माझा नवरा," मी म्हटलं.

ती खो खो हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग मी विचारलं, "तुझं मधलं नाव कोणाचं?"

"रोझ. आईच्या मावशीचं."

गुडघा राहिला बाजूला. परत येताना बसमध्ये डोक्यात एकच चक्र. इथे कोणी बापाला नावाच्या मध्ये बसवत नाही. बेल्जियममध्ये तरी कशाला बसवतील? मग तो एमिल कोण?

"अहो, त्या मार्सेल एमिलच्या मुलांचा नंबर काढा."

"आता कशाला उकरतेस? ऑलरेडी डोरीन आपल्याशी बोलत नाहीये."

"काढा म्हणते ना!"

पायलटांच्या कुटुंबांची एक असोसिएशन आहे, तिच्याकडून त्याचा थोरला मुलगा सापडला. रिटायर्ड शिक्षक, इंग्रजी उत्तम. मी फोन स्पीकरवर टाकला आणि सरळच विचारलं, तुमच्या आजोबांचं नाव एमिल होतं का?

"छे! आजोबा ग्युस्ताव. एमिल हा बाबांचा गॉडफादर, गावातला खाटीक; बाप्तिस्म्यात त्याचंच नाव मध्ये दिलं." तो हसला आणि मग थांबला. "एमिल दुपोन त्या दुसऱ्या मार्सेलचे वडील. स्टेशनमास्तर होते. बाबा दरवर्षी त्यांना भेटायला जायचे. म्हाताऱ्याला मार्सेल म्हणून कोणाला तरी हाक मारता यावी म्हणून."

शशिकांत खुर्चीत बसले.

"त्याच्या लग्नाचं काही म्हणायचे तुमचे वडील?" मी विचारलं.

"नेहमी. मार्सेलनं कमांडिंग ऑफिसरकडून लग्नाची परवानगी आणली होती. शनिवारची सुट्टीही मंजूर झाली होती. दोन दिवस आधी गुरुवारी त्याचं विमान पडलं. बाबा मागच्याच विमानात होते, त्यांनी पाहिलं. मुलीला कळवायचं त्यांच्या फार मनात होतं, पण तिचं आडनाव, पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता. तो तिला नुसतं आयव्ही म्हणायचा."

डोरीनच्या आईचं नाव आयव्ही.

सोमवारी जेवत होता तो तुमचा बाप, हे मी त्याला सांगितलं नाही. भल्या माणसाच्या जिवाला उगाच घोर कशाला?

"मी सांगतो डोरीनला," शशिकांत उठत म्हणाले. "चुकलो मी आहे."

तिनं दार किलकिलं उघडलं. उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, आपली चूक पहिल्यांदा. डोरीन ऐकत होती. मला वाटलं रडेल, पण तिनं खुंटीवरचा कोट काढला.

"मला आईकडे न्या," ती म्हणाली.

आम्ही तिला कबरस्तानात घेऊन गेलो. काठी टेकूनही तिला ओल्या गवतातून चालवेना, म्हणून शशिकांतनी हात दिला. आयव्हीच्या दगडापाशी पोचल्यावर तिनं हात सोडवून घेतला आणि मला म्हणाली, "शेवटी शेवटी तिला अजिबात ऐकू यायचं नाही." मग ती वाकली आणि एवढ्या मोठ्यानं ओरडली की मी दचकले.

"आई! तो येणार होता! जेवत होता तो दुसराच! त्यानं सुट्टी काढली होती, आई! शनिवारची!"

पलीकडे फुलं ठेवणारी माणसं वळून बघू लागली. शशिकांत तिला आवरायला पुढे झाले. मी त्यांची बाही धरून मागे ओढलं.

"ओरडू दे हो तिला," मी म्हटलं.