दोकसूच्या तोंडातली माती

आमच्या गावाचं नाव सोलजोम. त्यातला 'जोम' म्हणजे कुंभारवाडा. पंचक्रोशीत हा शब्द शिवीसारखा वापरतात. लहानपणी बाजारात आम्ही दिसलो की पोरं ओरडायची, "जोमवाले आले, नाकं धरा!" त्या पोरांचे आता आजोबे झालेत, आणि आमचा सरपंच, माझा चुलतभाऊ दोकसू, त्यांच्याशीच सोयरीक जमवून बसलाय. लेक द्यायची ती पलीकडच्या गावात, क्वोनांच्या घरात. तेव्हापासून त्याला गावाचं नाव टोचायला लागलं.

जिल्ह्याचा नकाशेवाला गावांची नावं लिहून घ्यायला येणार म्हटल्यावर त्याने नवं नाव शोधलं: योंगसो, ड्रॅगनचा डोह. गावामागच्या उतारावर जे खड्डे आहेत, त्यांतून म्हणे ड्रॅगन आभाळात गेला. त्याच खड्ड्यांतून आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या माती काढली, तिचे किमचीचं लोणचं मुरवायचे रांजण घडवले. आणि त्यातल्या तिसऱ्या खड्ड्यात दरड कोसळून माझे बाबा गेले. ड्रॅगनला जागा बरी सापडली!

"मग बाबा कुठे गेले म्हणून सांगू?" मी दोकसूला विचारलं. "ड्रॅगनच्या पोटात?"

"ताई, मेलेल्यांचं काय घेऊन बसलीस? जित्या पोरीचं लग्न आहे. एक दिवस तोंडाला कुलूप लाव."

"कुलूप तू लाव. तुझ्याच तोंडाचा भरवसा नाही."

भाताची कापणी उरकली तेव्हा नकाशेवाला मोटरसायकलवरून आला. मून त्याचं नाव. दोकसू त्याला ड्रॅगनची गोष्ट सांगत पुढे, मी मागे. मला कोणी बोलावलं नव्हतं. बोलवायला वाट काही दोकसूच्या बापाची नव्हती.

तिसऱ्या खड्ड्याशी मून थांबला. खाली लव्हाळं माजलेलं, मध्ये थोडं पाणी.

"सरपंच, डोह म्हणता, पण ओढा कुठाय? पाणी येत नाही, जात नाही. आणि तीन बाजू उभ्या तुटलेल्या, एकच उताराची. मघाचे दोन्ही असेच होते."

"ड्रॅगन तिथूनच चढला, साहेब."

"दर वेळी आमच्या भट्टीच्या बाजूलाच?" मी म्हटलं. "पाठीवर माती लादून?"

"ताई!" दोकसू तांबडालाल झाला. "साहेब, म्हातारी भ्रमिष्ट झालीये. नुसता गाळ आहे हा. कुंभाराच्या कामाची माती इथे नाहीच. थांबा, दाखवतो."

आणि तो तरातरा खाली उतरला. लग्नासाठी घेतलेले नवे बूट घालून! मध्यावर पाय घसरला, त्याने कड धरली, तर कडेचं करडं ढेकूळच हातात आलं. दोकसूने ते बोटांनी मळलं. चिमूटभर माती पुढच्या दातांत धरली, मान वाकडी करून चावली, आणि डावीकडे थुंकला.

"वाह!" तो म्हणाला. "अजूनही वाळूचा कण नाही!"

मग त्याला कळलं आपण काय केलं ते. मूनने वही उघडली.

मी हसणार होते. पण ती वाकडी मान बाबांची होती. वाळू असली तर दातांना ऐकू येते, म्हणायचे. याच कडेवर बसवून आम्हा दोघांना त्यांनी माती चाखायला शिकवलं होतं. मला रडू फुटलं, आणि राग तर त्याहून जास्त आला.

"गावाचं नाव काय लिहू?" मूनने विचारलं.

"क्वोन काय म्हणतील, ताई?" दोकसू खालूनच पुटपुटला.

"त्यांच्या परसात रांजणांची रांग आहे, ती कोणी घडवली? त्यांची किमची कुठल्या मातीत मुरते? म्हणावं आधी ते रांजण फोडा, मग नाकं धरा. आणि पोरीला ताठ मानेने धाड. जोमवाल्यांची लेक म्हणून."

दोकसू हातातल्या ढेकळाकडे बघत राहिला. टाकेल असं वाटलं, पण टाकलं नाही.

"सोलजोम," तो म्हणाला. "आणि साहेब, हा डोह नाही, खाण आहे. ती उभी कड आमच्या काकांवर..." दरड कोसळली त्या दिवशी तोही इथेच होता. त्यानंतर आज पहिल्यांदा हे त्याच्या तोंडून निघत होतं. ओठांवर अजून माती होती.

"मोठ्याने बोल," मी वरून म्हटलं. "क्वोनांच्या गावापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."